कालनिर्णयवरच्या लाल फुल्या

माझी पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली आणि पहिल्या वर्षापासूनच दुखायची. आई ओव्याचं पाणी द्यायची, गरम पाण्याची पिशवी द्यायची. आजी म्हणायची, "लग्न झालं की थांबेल." कॉलेजात मेफ्टाल स्पास ही दुखण्यावरची गोळी सुरू झाली. आधी दिवसाला एक, नोकरी लागल्यावर तीन. त्या दोन दिवसांत मी ऑफिसच्या बाथरूममध्ये फरशीवर बसून राहायचे आणि तोंड धुऊन मीटिंगला जायचे.

सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा सोनोग्राफी केली. लिटरभर पाणी पिऊन तासभर थांबले. आत बोलावल्यावर पहिला प्रश्न आला, "लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर पोटावरूनच तपासणी झाली. रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाल्या, काही नाही, ताण कमी घ्या. रिक्षात बसून मी रडले. दुखणं तर तेवढंच होतं, आणि आता ते खरं नाही असा कागद हातात होता.

पुढची दोन वर्षं मी कुणाकडेच गेले नाही. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

मग एका मैत्रिणीने सुचवलं म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खुणा करायला लागले. पाळीच्या दिवशी लाल फुली, शेजारी दुखण्याला दहापैकी आकडा, किती गोळ्या घेतल्या, कामाला गेले की नाही. तीन महिन्यांनी पानं उलटली तेव्हा जे दिसलं ते मला स्वतःलाही माहीत नव्हतं. दुखणं पाळीच्या चार दिवस आधीच सुरू होत होतं. आणि त्याच दिवसांत शौचाला बसलं की आत सुरी फिरवल्यासारखी कळ यायची. ती मी कायम बद्धकोष्ठ समजून इसबगोल घेत होते. ही गोष्ट कुठल्याच डॉक्टरने विचारली नव्हती, आणि मलाही सांगायची लाज वाटली होती.

ती पानं घेऊन मी पुण्यातल्या दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी ती सगळी नीट वाचली. मग विचारलं, आईला किंवा बहिणीला असं होतं का? संबंधांच्या वेळी दुखतं का? लघवीला त्रास? एंडोमेट्रिऑसिस हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, बीजांडकोशावर, आतड्यावर वाढतात, तिथे सूज येते आणि अवयव एकमेकांना चिकटतात. साधारण दहातल्या एका बाईला हा आजार असतो, आणि साध्या सोनोग्राफीत तो न दिसणं अगदी नेहमीचं आहे, असं त्यांनी सांगितलं.

योनिमार्गातून सोनोग्राफी करायची का, हे त्यांनी मला विचारलं. लग्नाचा विषयही काढला नाही. काय करणार, किती वेळ लागेल, कधीही थांबवता येईल, हे सांगून माझ्या होकाराची वाट पाहिली. नको असेल तर एमआरआयचा मार्ग आहे, हेही सांगितलं. मी हो म्हटलं. डाव्या बीजांडकोशावर दोन सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, निघाली आणि तो कोश गर्भाशयाच्या मागे चिकटलेला होता. आतड्यासाठी पुढे एमआरआयही झाला.

निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागतेच असं आता मानत नाहीत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. शिवाय सिस्ट काढताना बीजांडांचा साठा कमी होऊ शकतो, म्हणून आम्ही आधी औषध घ्यायचं ठरवलं. डायनोजेस्ट या हार्मोनच्या औषधाची रोज एक गोळी. पहिले तीन महिने अधूनमधून डाग पडायचे, चिडचिड व्हायची. आता दुखणं आठावरून दोनवर आलं आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते.

घरी रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. तिचं गर्भाशय अडतिसाव्या वर्षी काढलं होतं. "मलाही शौचाला तसंच व्हायचं गं," ती म्हणाली, "पण ते कुणाला सांगणार?"