तुम्ही विचारलंत म्हणून: माहेर जंगलाकाठी असताना तंबूला पैसे कशाला?

हा प्रश्न मला बेळगावात नातेवाईक विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, पुण्याला गेलेल्या मैत्रिणी मेसेज करून विचारतात, की तुझं माहेर खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडचं, परड्यात उभं राहिलं की जंगल दिसतं, मग एका रात्रीला दहा-दहा हजार मोजून जंगलातल्या लक्झरी टेंटमध्ये कशाला जातीस, आणि एवढं करून वाघ तर दिसत नाहीच की. सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी वाघाचं सांगते. खानापूर, लोंढा, दांडेली, जोयडा हा सगळा सलग जंगलाचा पट्टा आहे. आमच्या बाजूला भीमगड अभयारण्य, 2011 साली जाहीर झालेलं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं, खाली काळी व्याघ्र प्रकल्प आणि पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य. वाघ आहेत, कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांत येतात. पण हे ताडोबासारखं उघडं जंगल नाही हो, इथं झाडोरा इतका दाट असतो की जीपपासून दहा फुटांवर गवा उभा असला तरी कळत नाही, आणि दांडेलीचा तो प्रसिद्ध काळा बिबट्या म्हणजे आपला नेहमीचाच बिबट्या, जन्मतः काळा रंग घेऊन आलेला, अशा अंधाऱ्या जंगलात तो बघता बघता नाहीसा होतो. त्यामुळे वाघ बघायचाच असा हट्ट धरून येणार असाल तर इकडं येऊ नका, विदर्भाची तिकिटं काढा, हे मी अगदी मनापासून सांगते.

मग मी का जाते? कारण माहेरी मी जंगल कधी ऐकलंच नाही. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, पण जंगलाकाठी वाढलेल्या कुणालाही विचारून बघा. आमच्याकडं भात पोटरीला आला की घरातली पुरुष मंडळी रात्री राखणीला जायची, डबे वाजवायची, बॅटरी मारायची, कारण गवे आणि रानडुकरं एका रात्रीत वर्षाचं पीक लोळवून टाकतात, मधूनच दांडेलीकडचे हत्तीसुद्धा खानापूर भागात उतरतात, आणि अस्वलाची तर सगळ्यात जास्त भीती, काजूला किंवा फणसाला गेलेल्या माणसावर अस्वलानं झडप घातल्याच्या बातम्या अजूनही येतात. आम्हा पोरींना दिवेलागण झाली की आत घ्यायचे, कडी लागायची. रात्री बाहेरून काही आवाज आला तर आई आधी विचारायची, गोठ्याचं दार लावलंय ना? म्हणजे जंगलाचा प्रत्येक आवाज आमच्यासाठी नुकसानीचा आवाज होता. तो कुणाचा, कशासाठी, हे ऐकायला मनाला सवडच नव्हती.

तंबूत ती सवड मिळते, मी पैसे त्याचे देते. लाकडी चौथऱ्यावर जाड कॅनव्हासचा तंबू, आत पलंग, मागं बाथरूम, गरम पाणी, हे सगळं छान असतं, पण गिझर तर बेळगावच्या घरीही आहे. खरी गोष्ट त्या कापडाच्या भिंतीची. सिमेंटच्या रिसॉर्टमध्ये एसी लावून झोपलात तर जंगल बाहेर राहतं, कॅनव्हास आवाज अडवतच नाही. रात्री दिवे मालवले की आधी रातकिडे, मग लांब कुठंतरी रातवा पक्ष्याचं चक-चक-चक सुरू होतं आणि ते थांबता थांबत नाही, मधेच शेकरूनं दिवसा अर्धवट कुरतडलेलं फळ वरून टपकतं आणि छातीत धस्स होतं. एकदा मध्यरात्रीनंतर तंबूच्या अगदी मागं गवत तुटल्याचा आवाज यायला लागला, सावकाश, मधे मोठा श्वास, परत गवत. गवा चरत होता. माहेरी असते तर पहिल्यांदा भाताचा विचार आला असता. तिथं मी पांघरूण धरून नुसती ऐकत राहिले आणि मला वाटलं, एवढ्या मोठ्या जनावराच्या खाण्याचा आवाज किती शांत आहे, आणि हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

सकाळी आमच्यासोबत जो गाइड होता तो तिथल्याच गवळी धनगराच्या वाड्यावरचा पोरगा. मराठी, कन्नड, कोकणी तिन्ही सारखंच बोलायचा. त्यानं शिकवलं ते असं की भेकर, म्हणजे ते भुंकणारं छोटं हरीण, भुंकलं म्हणून लगेच धावायचं नाही, ते कशालाही बराच वेळ भुंकत राहतं, वानरं ओरडली की वर बघायचं, पण सांबर ढाँक करून एकदा ओरडलं आणि परत ओरडलं तर मात्र जीप बंद करून गप्प बसायचं, सांबर उगीच बोलत नाही. आणि धनेश! मोठा धनेश डोक्यावरून गेला की आधी पंखांचा आवाज येतो, वाफेच्या इंजिनासारखा फस-फस-फस, कारण त्याच्या पंखाखाली पिसांची मुळं झाकलेली नसतात आणि त्यातून हवा जाते. उन्हाळ्यात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर महिनोनमहिने फळं आणून फटीतून भरवतो, नर मेला तर आतल्यांचंही अवघड. हे सांगताना त्या पोराचा आवाज बदलला होता. त्याचे आजोबा याच जंगलात म्हशी घेऊन फिरले, त्यांची ती सगळी माहिती आज त्याचा पगार झालीय, आणि माझ्या पैशातला काही भाग तिकडं जातो हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कारण याच जंगलात आमगाव, कृष्णापूर, देगाव अशी गावं आहेत. देगावजवळ म्हादई उगम पावते आणि गोव्यातून पश्चिमेच्या समुद्राला मिळते, जवळच्याच कणकुंबीत मलप्रभा उगम पावते आणि ती कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला. तळेवाडीच्या बाजूला बारापेडे गुहा आहेत, 1913 साली तिथल्या एका वटवाघळाची शास्त्रात नोंद झाली आणि कित्येक वर्षं ते जगात फक्त तिथंच माहीत होतं. एवढं वैभव, आणि पावसाळ्यात तिथल्या आजारी माणसाला खांद्यावरून चालत न्यावं लागतं. जंगल राखायचं तर रस्ता नको हे मला पटतं, आणि गावकऱ्यांचे हालही बघवत नाहीत, यावर सोपं उत्तर माझ्याकडं नाही. पण त्या जंगलाच्या नावावर कुणी रात्रीला हजारो रुपये घेत असेल तर त्या गावांतल्या पोरांना काम मिळालंच पाहिजे, तिथं मी अजिबात ऐकून घेणार नाही.

सगळे कॅम्प असे नसतात हेही सांगते. एका ठिकाणी तंबू देखणे होते, पण रात्री अकरापर्यंत साउंड सिस्टिम, झाडांवर लाइटिंगच्या माळा, आणि गाइड बाहेरून आणलेला, त्याला शीळकरी कस्तूर पक्षी ऐकू आला तरी ओळखता येईना. त्या रात्री मला रातवासुद्धा ऐकू आला नाही.

म्हणून कुणी बुकिंग करायचं म्हटलं की मी सांगते, फोटो बघू नका, फोन लावा. रात्री गाणी लावता का, बाहेरचे दिवे किती वाजता बंद होतात, गाइड कुठल्या गावचा, सफारी आणि जेवण भाड्यात धरलंय का वेगळं, एवढं विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी बरी असते, धनेशांसाठी मार्च-एप्रिल, मे अखेरीस वळीव पडून गेले की काजवे, आणि भर पावसात इकडं जळवा असतात, सफारीचे रस्ते कधीही बंद होतात, त्यामुळे लहान पोरं घेऊन तेव्हा येऊ नका. आणि गाइड कुठल्या गावचा याचं उत्तर फोनवरच्या माणसाला देता आलं नाही, तर सरळ दुसरीकडं फोन लावा.