आमची वाटचाल : मालीचे बोगोलान, पुण्याच्या शाळांत

आम्ही शाळांमध्ये आफ्रिकेतील कलांच्या कार्यशाळा घेतो असे सांगितले की पहिली मागणी बहुधा मुखवट्यांची आणि ढोलांची येते. आम्ही मात्र पश्चिम आफ्रिकेतील माली या देशातले, बामाना लोकांचे बोगोलान हे चिखलाने रंगवलेले एकच कापड शिकवतो. ५४ देशांच्या खंडाची ओळख एका दिवसात उरकण्यापेक्षा तिथल्या एका समाजाचे एक काम मुलांनी स्वतःच्या हातांनी नीट करून पाहावे, हा आमचा आग्रह पहिल्यापासून आहे आणि त्यापायी काही कामे हातची गेली तरी तो आम्ही सोडलेला नाही.

पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या कामानिमित्त माझे मालीची राजधानी बामाकोला जाणे-येणे होत असे, आणि तेथील बाजारात हे कापड मी प्रथम पाहिले. माझ्या धाकट्या बहिणीचे शिक्षण कापडाच्या रंगाईतले आहे. मी आणलेला तुकडा तिने उलटसुलट करून पाहिला आणि हा काळा रंग लोखंडाचा आहे, हे लगेच ओळखले. नोकरी सोडल्यावर आम्ही दोघींनी मिळून हा व्यवसाय सुरू केला.

मालीत हे सुती कापड पुरुष अरुंद पट्ट्यांत विणतात आणि त्या पट्ट्या एकमेकींना शिवून जोडतात. रंगकाम परंपरेने स्त्रियांचे, आईने मुलीला शिकवलेले. कापड आधी न्गालामा नावाच्या झाडाच्या पाल्याच्या काढ्यात बुडवून पिवळे करतात आणि उन्हात वाळवतात. मग तळ्याच्या तळातला, मडक्यात दीर्घकाळ मुरवलेला लोहयुक्त चिखल त्यावर लावतात. पाल्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि चिखलातील लोह यांच्या संयोगाने काळा रंग धाग्यात पक्का बसतो. न्गालामा आपल्या धावड्याच्या कुळातले झाड आहे आणि हिरडाही त्याच कुळातला. त्यामुळे इथे साहित्य जमवताना फार शोधाशोध करावी लागली नाही. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात, तोच आम्ही विकत घेतो. लोखंडासाठी भंगारातले गंजके खिळे गूळपाण्यात मुरवतो आणि ते पाणी गाळलेल्या मातीत कालवतो. मालीतला चिखल असा तयार होत नाही, हे मुलांना स्पष्टपणे सांगितले जाते.

कार्यशाळेत प्रत्येकाला खळ काढलेल्या, हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या मांजरपाटाचा तुकडा आणि बांबूची काडी मिळते. इथे मुलांना एक गोष्ट अवघड जाते, आणि माझ्या मते त्यांना सर्वाधिक शिकवतेही तीच: चिखल नक्षीवर लावायचा नसतो, तिच्या भोवतीच्या जागेत भरायचा असतो, म्हणजे नक्षी मूळच्या पिवळ्या रंगात राखली जाते. चित्र काढण्याची सवय असलेला हात पुन्हापुन्हा रेघेकडे वळतो. मग एखादी मुलगी काडी खाली ठेवून कापडाकडे नुसती बघत बसते आणि तिथून पुढे तिचा हात चुकत नाही. शेवटी बादलीत कापड धुताना सगळा चिखल निघून जातो, काळा रंग मात्र तसाच राहतो, आणि वर्गातला सगळा आवाज त्या बादलीभोवती गोळा होतो. मालीत पिवळा भाग दाहक द्रावण लावून पांढरा करतात. मुलांच्या हाती ते देणे योग्य नसल्याने आमची नक्षी पिवळीच राहते.

धुतलेली कापडे वाळेपर्यंत आम्ही मालीहून आणलेले मूळ कापड उलगडतो. शिकाऱ्यांना आणि बाळंतिणींना हे कापड संरक्षण देते अशी तिथली श्रद्धा आहे, हे मुले शांतपणे ऐकतात. ही कला केवळ जुन्या काळची नाही, हेही त्यांना कळावे म्हणून १९७८ मध्ये बामाकोत एकत्र आलेल्या ग्रुप बोगोलान कासोबाने या चित्रकारांच्या गटाविषयी आणि बोगोलानला फॅशनच्या जगात नेणारे वस्त्ररचनाकार ख्रिस सेदू यांच्याविषयी सांगतो.

एका शाळेने स्नेहसंमेलनासाठी मुलांचे चेहरे काळे रंगवून, पानांचे कपडे घालून ‘आफ्रिकन नाच’ बसवून द्यावा असे सुचवले होते. आम्ही ते काम नाकारले. पुण्यात शिकायला आलेले आफ्रिकी विद्यार्थी त्याच रस्त्याने रोज ये-जा करतात, त्यांच्यासमोर असे काही उभे करणे आम्हाला मान्य नव्हते.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हिरड्याची पूड आणि मांजरपाटाची पाकिटे घरोघरी पाठवून आम्ही कसेबसे तग धरला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असे सुचवले गेले, आणि पुढे त्या दिवसांसाठी शाळा आपणहून विचारू लागल्या.

छत्रपती संभाजीनगरच्या शाळांकडून वेगळी विचारणा येते, कारण ज्या खडकीतून ते शहर वाढले ती मलिक अंबरने वसवली आणि त्याची कबर जवळच खुलताबादला आहे. तो इथिओपियातून आला होता आणि इथिओपिया मालीपासून सुमारे पाच हजार किलोमीटर पूर्वेला आहे, हे आम्ही नकाशावर दाखवतो. त्याच्या देशाच्या नावाखाली मालीचे कापड शिकवण्याऐवजी इथिओपियातील विणकामाची वेगळी कार्यशाळा आम्ही आता तयार करत आहोत. कापड वाळायला ऊन लागत असल्याने पावसाळ्यात आमचे वर्ग बंद असतात, आणि या वर्षी तो वेळ आम्ही त्या तयारीला दिला आहे.