उतरणीच्या हिशेबाने घेतलेला बूट

डोंगरातल्या शिकारीसाठी जमवलेल्या सामानापैकी सर्वांत निष्काळजीपणे मी निवडले ते बूट, आणि त्याची किंमत माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या नखांनी मोजली. दुर्बिणीच्या काचांविषयी मी महिनाभर वाचत होतो. बुटांना मात्र अर्धा तास दिला, तोही सकाळच्या वेळी, पातळ सुती मोजे घालून, गुळगुळीत फरशीवर चार पावले टाकून. बूट मऊ होता, हलका होता आणि घातल्या घातल्या सवयीचा वाटला. तिसऱ्या दिवशी मांसाचे ओझे पाठीवर घेऊन सुमारे हजार मीटर खाली उतरताना माझी बोटे पावलागणिक बुटाच्या नाकावर आपटत राहिली. रात्री मोजे काढले तेव्हा दोन्ही अंगठ्यांच्या नखांखाली रक्त साकळून नखे जांभळी पडलेली होती. पुढच्या काही आठवड्यांत ती गळून पडली.

चढताना पाय टाचेकडे सरकतो आणि बोटांना मोकळीक मिळते, त्यामुळे लहान बुटाची लबाडी चढावर उघडी पडत नाही. ती उतारावर कळते, आणि शिकारीत उतार येतो तो दिवसाच्या शेवटी, पाय सुजलेले, मांड्या थकलेल्या आणि सॅक सकाळपेक्षा कितीतरी जड झालेली असताना. म्हणून बूट घेताना मी आता शिकारीच्या पहिल्या सकाळचा विचार करत नाही. ३० किलोंचे ओझे घेऊन अंधार पडायच्या आत खाली पोहोचायचे आहे, असे समजूनच बूट पायात घालतो.

पायवाटेने चालणाऱ्याच्या आणि शिकाऱ्याच्या गरजांमध्ये फरक पडतो तो इथेच. शिकाऱ्याला बहुधा वाट नसतेच. जनावर ज्या दांडावर असेल तिथपर्यंत घसाऱ्यातून, दवाने भिजलेल्या गवतातून, सुट्या दगडांवरून, आणि मुख्य म्हणजे उताराला आडवे चालत जावे लागते. तिरक्या उतारावर तास-दोन तास आडवे चालले की खालच्या बाजूचा घोटा आणि करंगळीकडची कड यांवर सगळा भार येतो, आणि मऊ बूट त्या भाराखाली एका अंगाला कलंडतो. त्यानंतर एखाद्या कातळाआड दुर्बीण लावून तासन्तास निश्चल बसायचे असते, आणि चढताना आलेला घाम तेव्हा पायातच थंड होतो. चालणे, बसणे आणि ओझे वाहणे ही तिन्ही कामे एकच जोडी करते, म्हणून कोणताही बूट तिन्हींत सारखाच सरस असेल, ही अपेक्षा सोडूनच निवडीला सुरुवात करावी.

आधी मापाविषयी, कारण बाकी सगळे त्यापुढे दुय्यम आहे. बुटावरचा आकडा ही केवळ सुरुवात असते. ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे जवळपास ८.५ मिलिमीटर, युरोपीय पद्धतीत तो सुमारे ६.७ मिलिमीटर असतो. म्हणजे या पद्धतींचे आकडे एकमेकांशी चपखल जुळूच शकत नाहीत, आणि तक्ता पाहून केलेले रूपांतर अर्ध्या नंबराने चुकले तरी नवल नाही. शिवाय ज्या कलबुतावर चामडे ओढून बूट घडवतात, त्याचा आकार प्रत्येक कारखान्याचा वेगळा. त्यामुळे एकाच नंबराचे दोन बूट, एक करंगळी चेपणारा आणि दुसरा टाच सैल सोडणारा, असे निघू शकतात. पाय मोजताना लांबीबरोबर रुंदीही पाहावी, आणि टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या हाडापर्यंतचे अंतरही मोजून घ्यावे. बूट जिथे वाकतो ती रेषा चवड्याच्या वाकाशी जुळली नाही, तर लांबी बरोबर असूनही बूट चावतो. बहुतेकांचे दोन्ही पाय सारखे नसतात. माप मोठ्या पायाचे धरावे.

बूट पाहायला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या वापराने पाय थोडा फुगलेला असतो, आणि डोंगरात घालायचे तेच लोकरी मोजे सोबत न्यावेत. आधी बुटातला सुटा तळवा बाहेर काढून त्यावर उभे राहून पाहावे. पाय कडेने बाहेर सांडत असेल, तर तो बूट पायात घालण्याचीही गरज नाही. मग बंद न बांधता पाय पुढे सरकवून बोटे नाकाला टेकवावीत. टाचेमागे एक बोट सहज उतरले पाहिजे. यानंतर बंद नीट आवळून एखाद्या उतरत्या फळीवर उभे राहावे, नाक खाली करून जमिनीवर जरा जोराने दोन-तीन ठोकर माराव्यात. बोटे पुढे टेकली तर बूट तिथेच परत ठेवावा, मग तो कितीही देखणा असो. टाच मात्र नव्या ताठ बुटात किंचित उचलते. बूट मुरला की ते कमी होते. पण सुरुवातीलाच ती बोटभर उचलत असेल, तर पुढे ती बसेल या आशेवर राहू नये. मी राहिलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड आले होते.

ताठपणा हाताने जोखता येतो. एका हाताने नाक, दुसऱ्याने टाच धरून बूट ओल्या पंचासारखा पिळून पाहावा. जो सहज पिळला जातो, तो आडव्या उतारावर पायाला आधार देणार नाही. तळाच्या आत नायलॉनची, काचतंतूची किंवा पोलादाची पट्टी बसवलेली असते, आणि कडेवर उभे राहताना सगळा भार तीच पेलते. आल्प्सच्या परिसरातल्या अनेक उत्पादकांनी बुटांची ए पासून डी पर्यंत प्रतवारी ठरवलेली आहे. ए म्हणजे सपाट वाटेचा मऊ बूट आणि डी म्हणजे हिमनदीवर काटेरी पट्टे बांधून चालण्याचा, जवळजवळ न वाकणारा बूट. डोंगरी शिकारीसाठी मला बी आणि सी यांच्या मधला बूट योग्य वाटतो. सपाटीवर तो लाकडी वाटतो आणि पाऊलही जरा जोरात वाजते, हे मान्य आहे. (जनावराजवळ पोहोचण्याचा शेवटचा टप्पा बूट काढून नुसत्या मोज्यांवर पार करणारे शिकारी असतात, आणि मीही एकदा तसे केले आहे, काट्यांविषयी मात्र मी इथे लिहीत नाही.)

वजनाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. पायातले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा सुमारे ४ ते ६ पट अधिक शक्ती खाते, असे सैनिकांच्या चालण्यावरील प्रयोगांत आढळलेले आहे. त्यामुळे हलका बूट घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे. तरीही आधारासाठी वाढलेले शे-दोनशे ग्रॅम मी बिनतक्रार वाहतो. दाखवण्यापुरत्या बसवलेल्या पट्ट्या आणि बकलांचे वजन मात्र वाहत नाही.

वरच्या भागासाठी अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचे, साल न घासलेले अखंड चामडे टिकाऊपणात अजूनही वरचढ आहे. शिवणी जितक्या कमी, तितक्या पाणी शिरण्याच्या आणि उसवण्याच्या जागा कमी. घसाऱ्यात बुटाच्या कडा किसणीवर धरल्यासारख्या घासल्या जातात, म्हणून तळाच्या वर सभोवार रबराची पट्टी असलेला बूट घ्यावा. आतल्या जलरोधक पडद्याविषयी माझे मत जरा संमिश्र आहे. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी ताणलेल्या पीटीएफईचा (टेफ्लॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लास्टिकचा) शोध लावला आणि पुढच्या दशकात गोर-टेक्सचे जलरोधक कापड बाजारात आले, तेव्हापासून ओल्या गवतातले चालणे निश्चितच सुखाचे झाले आहे. पण पाणी वरून एकदा आत गेले की तोच पडदा ते आत अडवतो, असा बूट सुकायला रात्र पुरत नाही, आणि पडदा फाटला तर तो सांधता येत नाही. पावसाळी, थंड डोंगरांत पडदा असावा. कोरड्या आणि उष्ण डोंगरांत बिनपडद्याचे, चांगले मेण लावलेले चामडे मला अधिक पटते. उबेसाठी भरलेले अस्तर केवळ कडक थंडीत बसून राहणाऱ्याने घ्यावे. चढताना त्यात घाम येतो आणि बसल्यावर तोच घाम पाय गारठवतो. त्यापेक्षा सॅकमध्ये कोरड्या मोज्यांची जोडी ठेवावी आणि बसण्यापूर्वी ती बदलावी.

तळाच्या रबराला एक दुःखद इतिहास आहे. १९३५ मध्ये इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या पुंता रासिका शिखरावर वादळात अडकून सहा गिर्यारोहक मरण पावले. त्या काळी कातळाजवळ जाईपर्यंत खिळे ठोकलेले जड बूट आणि कातळावर पातळ तळाचे हलके जोडे वापरण्याची पद्धत होती, आणि बर्फात त्या जोड्यांचा काहीच उपयोग होत नसे. त्या मोहिमेतले विताले ब्रामानी यांनी मग खोल दातांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ मध्ये व्हिब्राम या तळ बनवणाऱ्या कंपनीची सुरुवात झाली. १९५४ मध्ये केटू प्रथम सर करणाऱ्या इटालियन गिर्यारोहकांच्या बुटांना हेच तळ होते. तळ पाहताना दात खोल आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. दात एकमेकांपासून दूर असतील तर चिखल झडून जातो, आणि टाचेची पुढची कड सरळ कापलेली असेल तर उतारावर ती मातीत रुतून पाय थांबवते. मऊ रबर ओल्या कातळाला धरते पण लवकर झिजते, कडक रबर टिकते पण निसरड्यावर दगा देते. यातून कोणाचीच सुटका नाही.

रबर आणि चामडे यांच्या मधला थर मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि मला दुसऱ्यांदा फसवले ते त्यानेच. पॉलियुरेथेनचा थर ओझ्याखाली लवकर दबत नाही, म्हणून चांगल्या बुटांत तोच असतो. परंतु हवेतल्या दमटपणाने त्याचे रेणू हळूहळू तुटत जातात, आणि नुसत्या पडून राहिलेल्या बुटात तर ते अधिकच घडते. जपून वापरू म्हणून मी एक जोडी कित्येक वर्षे कपाटात ठेवली होती. डोंगरात पहिल्याच दुपारी उजव्या बुटाचा तळ जिभेसारखा लोंबू लागला, आणि आत पाहिले तर मधला थर बोटाने चुरडला जात होता. उरलेले दोन दिवस मी तो दोरीने बांधून चाललो. तेव्हापासून जुनी किंवा शिलकीतली जोडी घेताना मी त्या थरावर अंगठा दाबून पाहतो. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर कितीही स्वस्त मिळत असली तरी ती नको.

तळ नव्याने बसवून मिळतो का, हे विकत घेण्याआधीच विचारून ठेवावे. चामडे तळापेक्षा कितीतरी जास्त टिकते. फक्त भिजलेला बूट शेकोटीजवळ ठेवायचा नाही, कारण चामडे आक्रसून तडकते आणि गोंद सुटतो. तळवा काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, ते बोळे दर काही तासांनी बदलत बूट सावलीत सुकवावा.

सध्याच्या जोडीचा तळ मी दोनदा बदललेला आहे. ती मुरायला जवळपास दोन महिने लागले. आधी घरात, मग रिकाम्या सॅकने, मग पाण्याच्या बाटल्या भरलेल्या सॅकने. उतरण सुरू होण्यापूर्वी मी अजूनही खाली बसतो, घोट्याच्या वाकाशी बंदांना दुहेरी पीळ देऊन टाच मागे जखडतो, वरची गाठ आवळतो, आणि उठल्यावर एका दगडावर नाक ठोकून पाहतो. बोटे टेकत नाहीत.