कालनिर्णयच्या मागच्या पानावरचे टक्के

"थांबलं गं. बासष्टवर."

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये शनिवार सकाळचे सात, ठाण्यात साडेदहा. उन्हाळ्यात आमच्यात साडेतीन तासांचं अंतर असतं. बाबा साडेबाराला जेवतात आणि एकला आडवे होतात, म्हणजे बाबांच्या कॉम्प्युटरवर नवं विंडोज टाकायला आमच्या हातात जेमतेम दोन तास. त्यातला अर्धा तास आईला फोन नीट धरायला सांगण्यात जायचा. तिच्या हातातून मला आमच्या नौपाड्याच्या घरातला पंखा, ट्यूबलाइट, एकदा तर दहा मिनिटं नुसता तिचा अंगठा दिसला.

ही गोष्ट २०२४च्या जुलैत सुरू झालेली. बाबांचा डेस्कटॉप मी ऐरोलीला नोकरीला असताना, २०११ साली, जुळवून घेतलेला. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, रॅमच्या (म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायच्या मेमरीच्या) दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या, विंडोज ७. सोसायटीची इतिवृत्तं, नोटिसा, देखभालीचा हिशेब असं सगळं त्यावर चालायचं. विंडोज ७चे अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद झाले, पण बाबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. क्रोमनेही १०९व्या आवृत्तीनंतर विंडोज ७ची साथ सोडली आणि बँकेची साइट "ब्राउझर अपडेट करा" असं बजावू लागली, तेव्हा ते हलले. मी म्हटलं, विंडोज १० टाकू, एका शनिवारचं काम आहे.

पाच शनिवार गेले.

पहिला गेला फाइली वाचवण्यात. बाबांनी "सगळं पेनड्राइव्हवर घेतलं" म्हणून सांगितलं. मी आकार विचारला तर काही केबी. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट तेवढे आले होते, फाइली जिथल्या तिथेच. डिस्क पुसायच्या आधी विचारलं म्हणून सोसायटीची बारा वर्षं वाचली.

दुसऱ्या शनिवारी मशीन विंडोज १० भरलेल्या पेनड्राइव्हवरून सुरूच होईना. आदल्या संध्याकाळी मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, पेनड्राइव्ह पहिल्या नंबरावर लावून दिला होता आणि बाबांनी सेव्ह केल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सकाळी पुन्हा हार्ड डिस्क पहिली आणि तारीख २०११ची. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग तोच सांभाळतो. तो कधीच संपला होता, आणि बाबा रोज रात्री भिंतीवरचं मेन बटण बंद करतात. (करणारच. आमच्याकडे गीझरचं बटण चालू राहिलं तर चौकशी बसते.) गोखले रोडवरच्या घड्याळाच्या दुकानात सेल मिळाला. प्लग काढून, मशीन उघडून बाबांनी तो दहा मिनिटांत बदलला. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात टूलरूमला आयुष्य काढलेल्या माणसाला स्क्रू-ड्रायव्हर कसा धरायचा हे मी शिकवत होते, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मग खरं दुखणं सुरू झालं. इन्स्टॉलेशन सुरू व्हायचं, फाइली उलगडत टक्के चढायचे आणि मध्येच "आवश्यक फाइली टाकता येत नाहीत, फाइल खराब किंवा गायब असू शकते" असं म्हणत शेवटी ०५७० असलेला लांबलचक कोड यायचा. फाइल खराब म्हणतोय म्हणजे पेनड्राइव्ह खराब, असं मी धरून चालले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलीने पेनड्राइव्ह नव्याने बनवून दिला. तेच. दुसरा पेनड्राइव्ह आणला. तेच. पोर्ट बदलला, पुढचा सोडून मागचा, हार्ड डिस्कची साटा केबल बदलली. तेच. चौथ्या शनिवारी मी वैतागून म्हटलं, "बाबा, तुम्ही मध्ये कुठली की दाबत तर नाही ना?"

बाबा काही बोलले नाहीत. आईने फोन पंख्याकडे केला.

त्याच दुपारी मी इथल्या रिपेअर कॅफेत गेले. मार्टिने पोस्टमा नावाच्या बाईंनी २००९मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू केलेली ही कल्पना आता गल्लोगल्ली पोचली आहे. बिघडलेला टोस्टर, दिवा, रेडिओ घेऊन जायचं. निवृत्त लोक कॉफी पीत तुमच्यासोबत बसून तो दुरुस्त करतात, फुकट. माझ्याकडे दाखवायला वस्तूच नव्हती, नुसती तक्रार होती. सत्तरीच्या आजोबांनी ती ऐकून घेतली आणि एकच प्रश्न केला. दर वेळी एकाच ठिकाणी थांबतं, की वेगवेगळ्या?

मला सांगता आलं नाही. इतके दिवस मी एररचा कोड वाचत होते, टक्क्यांकडे बघितलंच नव्हतं.

बाबांना फोन लावला. ते उठून गेले आणि कालनिर्णयचं पान घेऊन आले. मागच्या बाजूला, दुधाच्या रकान्यात, अर्ध्या लिटरच्या शेजारी बारीक अक्षरात: ३७, ६२, १४, ८१, ५५, ६२.

"मला वाटलंच होतं," बाबा म्हणाले. "लेथवर जॉब दर वेळी एकाच मापाने चुकत असेल तर सेटिंग चुकलंय. दर वेळी वेगळ्या मापाचा येत असेल तर जॉब धरणारा चक सैल आहे. इथे काहीतरी सैल आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

सैल होती रॅम. इन्स्टॉलर दाबून बांधलेली फाइल आधी रॅममध्ये उलगडतो, बरोबर आहे का तपासतो आणि मग डिस्कवर ठेवतो. रॅमची एखादी जागा खोटं बोलायला लागली की फाइल खराब ठरते, पेनड्राइव्हवर ती कितीही धडधाकट असो. आणि दर वेळी त्या वाईट जागेवर वेगळाच तुकडा येऊन पडतो, म्हणून टक्के वेगळे. पेनड्राइव्ह किंवा डिस्क खराब असती तर गाडी बहुधा त्याच त्याच स्टेशनावर थांबली असती. विंडोज ७ इतकी वर्षं कसं चाललं? थोड्या कामाला ती जागा क्वचितच लागायची. अधूनमधून निळा पडदा यायचा, पण बाबा म्हणायचे पावसात होतं.

आजोबांच्या सांगण्यावरून काकूंच्या मुलीकडून लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका फुकट सिस्टीमचा, पेनड्राइव्ह करून घेतला, त्याच्या मेनूतच मेमरी टेस्ट असते. ती रात्रभर चालवली. त्या रात्री मेन बटण चालू ठेवावं लागलं आणि आईला झोप लागली नाही. सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. मग एकेक पट्टी काढून, सोनेरी पाय खोडरबराने पुसून, दुसऱ्या खाचेत बसवून पाहिलं. एक स्वच्छ पास. दुसरी कुठेही बसवा, लालच.

उरल्या दोन जीबीत विंडोज १० रांगलं असतं, आणि त्याचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, आमचा दुसरीतला. म्हणून या मशीनला चालणारी जुनी चार जीबीची डीडीआर-थ्री रॅमची पट्टी घेतली आणि पेनड्राइव्हवर आयतं आलेलं मिंटच टाकलं, त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. पाचव्या शनिवारी पाऊण तासात झालं. जुन्या नोटिसा मात्र उघडल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसायला लागला, कारण त्या युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. तो जुना फाँट आणून बसवला तेव्हा अध्यक्ष, सचिव आणि थकबाकीदार सगळे परतले.

राहता राहिला दुधाचा हिशेब. महिनाअखेरीला आईने रकाना वाचायला घेतला आणि एका शनिवारी घरात बासष्ट लिटर दूध आलेलं निघालं. दूधवाल्याने हसत मान्य केलं, पण बाबांना पुढच्या महिन्यापासून वेगळी वही घ्यावी लागली.