गुत्तीचा म्हणतात, पण घर नल्लमलात

गुंटकलहून नंद्याळमार्गे गुंटूरकडे जाणारी गाडी गाजुलपल्लीनंतर डोंगरात शिरते. दोन्ही बाजूंना आंध्रातल्या नल्लमला डोंगररांगेचं पानगळीचं जंगल, साग आणि बांबूचं. पूर्व घाटातल्या याच पट्ट्यात एक निळा कोळी राहतो, भारताबाहेर जगात कुठेही नाही. शास्त्रीय नाव पोसिलोथेरिया मेटॅलिका, पण म्हणतात गुत्तीचा कोळी. त्याच्यासाठीच मी इथवर आलो होतो.

आपल्याला गुत्ती माहीत असते ती मुरारराव घोरपड्यांमुळे. त्यांचा हा किल्ला १७७६ मध्ये हैदरअलीने घेतला. कोळ्यांचे अभ्यासक मात्र गुत्ती ओळखतात ती रेल्वेच्या लाकडाच्या वखारीवरून. तिथे सापडलेल्या मादीवरून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ मध्ये ही जात जगापुढे आणली. त्यानंतर शंभरेक वर्षं तिचा पत्ता नव्हता. २००१ मध्ये ती पुन्हा सापडली ती गुत्तीपासून सुमारे १०० किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या रानात. वखारीतली ती मादी बहुधा तोडलेल्या ओंडक्याबरोबर रेल्वेनेच गुत्तीला पोहोचली असावी.

वनखात्याची परवानगी काढली होती. सोबत त्यांचे एक कर्मचारी होते, इथल्या चेंचू आदिवासी जमातीतले, त्यांना सगळे अन्ना म्हणत. अंधार पडू लागला तसे अन्ना एका जुनाट झाडापाशी थांबले. छातीएवढ्या उंचीवर ढोली, तिच्या तोंडाशी वेडंवाकडं नरसाळ्यासारखं जाळं, त्यात अडकलेले किड्यांचे पंख. अन्नांनी टॉर्च तिरका धरला. आधी दोन पाय दिसले, मग आणखी दोन. निळे, धातूसारखे चमकणारे, सांध्यांपाशी पिवळे ठिपके. पाय पसरले की हा कोळी १५ ते २० सेंटीमीटर भरतो. हा निळा कुठल्या रंगद्रव्याचा नाही. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो तेव्हा तो दिसतो. टॉर्च जरा हलला की चमक कमी-जास्त व्हायची. मी श्वास रोखून बघत राहिलो. एक नाकतोडा खोडावर उतरला, पण बराच लांब. कोळी जागचा हलला नाही.

त्याला ढोली लागते, आणि ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. सरपणासाठी, इमारती लाकडासाठी अशी झाडं गेली की उरलेल्या एकाच ढोलीत अनेक कोळी दाटीवाटीने राहतात. २००८ मध्ये आययूसीएनने, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने, या जातीला अतिसंकटग्रस्त ठरवलं. तेव्हाच्या नोंदीनुसार तिचा अधिवास १०० चौरस किलोमीटरहूनही कमी, आणि तोही तुकड्यातुकड्यांत विखुरलेला. परदेशात हौशी लोक हाच कोळी काचेच्या पेट्यांत पाळतात, त्याची पिल्लंही विकली जातात. त्यांच्या पेट्या कितीही भरल्या तरी नल्लमलातली एकही ढोली त्याने परत येणार नाही, याचा मला खरोखर संताप येतो.

म्हणूनच झाडाची जागा इथे लिहिलेली नाही, आणि फोटोंमधली जीपीएसची नोंदही काढून टाकली आहे. तुम्ही गेलात तर रीतसर परवानगी घेऊन, वनखात्याच्या माणसाबरोबरच जा, आणि ढोलीत काडी घालून कोळ्याला बाहेर काढायला कुणाला सांगू नका. अंधार पडला की तो आपणहून तोंडाशी येतो.