शेंदराखालचा लांडगा

तुळजापूरजवळच्या एका जुन्या वाड्यातून निरोप आला होता, “आमच्याकडं भवानी तलवारीची बहीण आहे. येऊन बघा.” जुन्या धातूच्या वस्तूंचं जतन करणं हे माझं काम. महाराजांशी नातं सांगणारी शस्त्रं मराठवाड्यात मी बरीच पाहिली आहेत. घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कथा हासुद्धा पुरावाच असतो, फक्त तो वेगळ्या जातीचा असतो, असं मी मानते.

तलवार देवघरात पाटावर होती. शेंदराचा थर इतका जाड, की धार कुठली आणि पाठ कुठली तेच कळेना. घरातल्या नातवाला ती चकचकीत करून हवी होती. एमरी पेपर त्यानं आणूनच ठेवला होता. आजी मात्र पाटाशी बसून होत्या. “घासू नको माय, तिला लागंल.”

मी आजींच्या बाजूची होते. जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. लोखंडी पूल आणि जहाजं गंजू नयेत म्हणून रंगाच्या पहिल्या हातात कित्येक वर्षं हाच वापरला गेला. तेलात कालवलेला शेंदूर वाळला की पात्यावर कवच धरतो. ही तलवार पुजली गेली म्हणूनच टिकली होती. शिवाय ते कवच कोरडं घासलं असतं तर शिशाची विषारी धूळ घरभर झाली असती, आणि घरात रांगतं पोर होतं. हे ऐकल्यावर नातवानं एमरी पेपर मुकाट्यानं उचलून ठेवला.

मूठ अस्सल मराठा घडणीची. बोटांवरून वळलेली परज, म्हणजे बोटं वाचवणारी पट्टी, वर कटोरी, आणि कटोरीतून निघालेला गज. दोन्ही हातांनी घाव घालताना दुसरा हात त्या गजावर यायचा. पातं सरळ होतं. फिरंगी पात्यांवर कारागिरांच्या खुणा बहुधा मुठीजवळ सापडतात. म्हणून आजींची परवानगी घेऊन मी मुठीलगत बोटभर जागेचाच थर द्रावकानं मऊ केला आणि बांबूच्या काडीनं हळूहळू उचलला. आजी सगळा वेळ पुटपुटत जप करत होत्या.

आधी पात्यावरची खोल नाळ, म्हणजे लांबीभर कोरलेली खाच, उघडी पडली. मग तिच्या कडेला पितळेची पिवळी रेघ चमकली. मग आणखी काही रेघा. भिंगातून पाहिलं तर पाय, लांब शेपूट, पुढं काढलेलं तोंड. नातू ओरडला, “कुत्रं दिसायलंय!”

तो धावता लांडगा होता. जर्मनीतल्या पासाऊ गावच्या कारागिरांची ही खूण, पुढं जर्मनीतल्याच झोलिंगेन गावच्या लोहारांनीही उचललेली. छिन्नीनं चार रेघा मारायच्या आणि त्यात पितळ ठोकायचं. माझे हात त्या क्षणी थरथरले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. तुळजापूरच्या देवघरात, शेंदराखाली, एवढा लांबचा लांडगा.

नातवाचा चेहरा मात्र उतरला. “म्हंजे आपली नाहीच की ही.” मग मी पाटाशी बसूनच सांगितलं, की लंडनच्या राजघराण्याच्या संग्रहात जी जगदंबा तलवार आहे, जी १८७५ साली कोल्हापूरच्या छत्रपतींकडून प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेली, तिचंही पातं युरोपीय आहे. त्या काळी बंदरांतून अशी नुसती पाती यायची. इथले कारागीर लाख तापवून त्यांना आपल्या मुठी बसवायचे. मूठ इथली, पातं फिरंगी, आणि ते पेलणारा हात मराठी. यात परकं काय उरलं?

तरीही अहवालात मी ‘झोलिंगेनची तलवार’ असं लिहिलं नाही. या लांडग्याच्या नकला ठिकठिकाणी झाल्या आहेत, एका खुणेवर गाव ठरत नाही. आणि ‘भवानीची बहीण’ असंही लिहिलं नाही. २०२४ साली साताऱ्याला लंडनहून वाघनखं आली. ती महाराजांनी वापरलेलीच होती हे सिद्ध करता येत नाही, असं ती देणारं संग्रहालय स्वतःच सांगतं. असा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. म्हणून मी दोन भाग केले. एकात धातू, मूठ, खूण. दुसऱ्यात आजींच्या तोंडची कथा, एक शब्द न बदलता. त्यांचे पूर्वज परांड्याच्या किल्ल्यावर चाकरीला होते आणि तलवार तिथून आली, असं त्या सांगतात. अशक्य नाही. त्याच परांड्याहून मलिक-ए-मैदान ही सुमारे ५५ टनांची तोफ १६३२ साली विजापूरला गेली. तोफ एवढा प्रवास करते, तर तलवार कुठूनही कुठं पोचेल.

एक गोष्ट मात्र कळवळून सांगावी लागली. पात्याच्या मध्यावर, जिथं शेंदूर विरळ होता, तिथं खड्डे पडले होते. दर खंडेनवमीला लिंबू तिथंच कापलं जायचं, आणि लिंबाचं आम्ल लोखंड खातं. मखमली म्यानातही ओल धरते, तेव्हा तलवार म्यानाबाहेरच ठेवा, असं सांगितलं. उघडलेल्या बोटभर जागेवर मेणाचा पातळ हात दिला, बाकीचा शेंदूर तसाच राहू दिला.

म्यानाचं आजींनी लगेच मानलं. लिंबावर बरीच चर्चा झाली. शेवटी ते तलवारीसमोर विळीवर कापायचं ठरलं. कुंकू मात्र मुठीला लागणारच, असं त्यांनी बजावलं. पूजेनंतर मूठ कशी पुसायची आणि तेलाचं बोट कुठं फिरवायचं, ते मी नातवाला दाखवलं.