ईबीटी कार्ड: रक्कम जमा होण्याच्या आदल्या दिवशी करायचं काम

अमेरिकेत स्नॅपची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना धान्यासाठी मिळणारी सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक घराला एक तारीख माहीत हवी: २० डिसेंबर २०२४. ही मदत ज्या डेबिटसारख्या कार्डावर जमा होते त्या ईबीटी कार्डावरची धान्याची रक्कम या तारखेनंतर चोरीला गेली, तर फेडरल सरकारच्या पैशांतून तिची भरपाई होत नाही. आधी व्हायची. १ ऑक्टोबर २०२२ पासून झालेल्या चोऱ्यांसाठी तसा कायदा होता. चोरीला गेलेली रक्कम किंवा दोन महिन्यांची मदत, यांतली जी कमी ती परत मिळायची, आणि तीही एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त दोनदा. मुदत एकदा थोडी वाढली, मग संपली. काही राज्यं स्वतःच्या तिजोरीतून काही देतात का, हे आपल्या काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) ऑफिसात विचारायलाच हवं, पण त्या भरवशावर राहू नये. गेलेले पैसे गेले असं धरूनच कार्ड सांभाळायचं.

मुळात हे कार्ड इतकं कच्चं का, ते आधी समजून घेऊ. बहुतेक राज्यांच्या ईबीटी कार्डाला अजून चिप नाही, पाठीमागे फक्त काळी चुंबकीय पट्टी आहे. त्या पट्टीवर कार्डाचा नंबर आणि थोडी माहिती कायमची लिहिलेली असते. दर वेळी तीच, अक्षर न बदलता. कुणी ती एकदा वाचली की कुठल्याही कोऱ्या कार्डाच्या पट्टीवर ती जशीच्या तशी उतरवता येते. चिप मात्र दर व्यवहाराला नवा कोड तयार करते, म्हणून एका दुकानात चोरलेली माहिती दुसऱ्या दुकानात चालत नाही. बँकांच्या कार्डांना अमेरिकेत २०१५ नंतर झपाट्याने चिप आली, ईबीटी मागे राहिलं. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये चिपची आणि टॅप करायची ईबीटी कार्डं द्यायला सुरुवात केली. असं करणारं ते पहिलं राज्य.

कायद्याचं पाठबळही तुटपुंजं. बँकेच्या डेबिट कार्डावर चोरी झाली आणि ती कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत कळवली, तर ग्राहकाचं नुकसान जास्तीत जास्त ५० डॉलर. बाकीचं बँक सोसते. हे संरक्षण देणाऱ्या कायद्यातून सरकारी मदतीची ईबीटी कार्डं १९९६ मध्येच वगळली गेली. ज्याच्या घरात महिनाअखेरीला डाळीचा डबा रिकामा होतो, त्याच्याच हातात सगळ्यात कमकुवत कार्ड आहे. हा अन्याय आहे, आणि आपल्या राज्याच्या आमदारांना चिपबद्दल पत्र लिहिण्यासारखी दुसरी बाब नाही. पण पत्राचं उत्तर येईपर्यंत कार्ड रोज वापरायचंच आहे.

चोरी बहुतेक वेळा स्किमरने होते. स्किमर म्हणजे गल्ल्यावरच्या कार्ड मशीनवर चपखल बसणारं प्लॅस्टिकचं खोटं कवच. रंग तोच, बटणांवरचे आकडे तसेच. आत पट्टी वाचणारं एक छोटं हेड, बॅटरी, माहिती साठवणारी चिप आणि बरेचदा ब्लूटूथ. बटणांच्या खाली दुसरा पातळ थर असतो, तो पिन टिपतो. एक जण गल्ल्यावरच्या माणसाला मागच्या फळीवरची वस्तू काढायला लावतो, दुसरा तेवढ्यात कवच दाबून बसवतो. काही सेकंदांचं काम. दुकानदाराला आठवडाभर पत्ता लागत नाही, कारण व्यवहार नेहमीसारखे होत राहतात. कार्ड चालतं, पावती येते, बिल बरोबर असतं. गिऱ्हाइकाला शंका यायला जागाच नसते.

म्हणून स्वाइप करण्याआधी पाच सेकंद मशीनकडे द्या. कार्ड सरकवायच्या खाचेची कड चिमटीत धरून ओढा. खरं मशीन हलत नाही. कवच असेल तर कोपरा उचलला जातो किंवा किंचित कुरकुरतो. मग बटणं बघा. ती नेहमीपेक्षा आत गेलेली, जाड किंवा दाबायला कडक वाटली तर थांबा. शेजारच्या गल्ल्यावरच्या मशीनशी तुलना करा. एकाच दुकानातली मशीनं सहसा सारखी असतात, त्यामुळे एक जास्त फुगीर दिसलं, किंवा एकाच्या स्क्रीनची कड झाकली गेली असेल, तर काहीतरी गडबड आहे. स्वतः पैसे भरायचे गल्ले आणि कुणाचं लक्ष नसलेला कोपरा, इथे जास्त सावध राहा. शंका आली तर कार्ड खिशातच ठेवा आणि मॅनेजरला सांगा. कवच स्वतः उपटू नका, पोलिसांना ते जागच्या जागी हवं असतं.

मशीन तपासून सगळं टळतं असं मात्र नाही. काही स्किमर इतके सफाईदार असतात की हाताला काहीच लागत नाही. शिवाय पिन टिपायला कधी थर नसतो, वर कुठेतरी बारीक कॅमेरा असतो. म्हणून दुसऱ्या हाताचा तळवा बटणांवर छत्रीसारखा धरूनच पिन टाका, दर वेळी, दुकान कितीही ओळखीचं असलं तरी. चिपचं कार्ड मिळालं असेल तर टॅप करा किंवा चिप आत घाला; त्या कार्डाच्या पाठीवरही पट्टी आहे, आणि ती ओढली की जुनाच धोका परत आला.

आता या सगळ्यातली कळीची गोष्ट. चोर कार्डाची नक्कल करून लगेच पैसे काढत नाहीत. महिन्याच्या मध्यात कार्डावर फार काही नसतं हे त्यांना ठाऊक असतं. ते रक्कम जमा होण्याची वाट बघतात. प्रत्येक राज्याचं जमा होण्याचं वेळापत्रक जाहीर असतं. उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात केस नंबरचा शेवटचा आकडा १ असेल तर १ तारखेला, २ असेल तर २ तारखेला, असं करत शून्यवाल्यांना १० तारखेला. हे चोरांनाही वाचता येतं. रक्कम जमा झाली की मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे, घर झोपेत असताना, दुसऱ्याच कुठल्यातरी राज्यातल्या दुकानात मोठी खरेदी पडते. सकाळी दुकानात गेल्यावर मशीन सांगतं की शिल्लक नाही.

यावर उपाय साधा आहे: जमा होण्याच्या आदल्या दिवशी पिन बदला. चोराकडे पट्टीची नक्कल असली तरी त्याच्याकडचा पिन जुना पडतो. कार्डामागच्या नंबरावर फोन करून किंवा राज्याच्या अधिकृत ॲपमधून पिन बदलता येतो. काही ठिकाणी ऑफिसात जावं लागतं. पण इथे एक चूक हमखास होते. संध्याकाळी पिन बदलला आणि रात्री दूध आणायला त्याच कार्डाने स्वाइप केलं, तर सगळं पाण्यात. त्या मशीनवर कवच असलं तर नवा पिनही गेला. तेव्हा पिन बदलल्यापासून रक्कम जमा होईपर्यंत कार्ड कुठेच चालवायचं नाही. जमा झाल्यावर पहिल्याच फेरीत तांदूळ, पीठ, डाळी, तेल असं टिकाऊ सामान एकदम भरून घेणंही माझ्या मते शहाणपणाचं, कारण कार्डावर पडून राहिलेली शिल्लक हीच चोराची संधी. ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा साठवायला जागा नाही त्यांना हे जमेलच असं नाही, ते कबूल. त्यांनी पुढच्या उपायावर जोर द्यावा.

तो म्हणजे कार्ड लॉक करणं. बऱ्याच राज्यांत ईबीटी एज किंवा कनेक्ट ईबीटी ही ॲपं चालतात. तुमच्या राज्याचं कुठलं, ते राज्याच्या मदत विभागाच्या साइटवर बघा. राज्याप्रमाणे सोयी कमीजास्त असतात, पण जिथे कार्ड गोठवायची सोय आहे तिथे ते कायम गोठवलेलंच ठेवा. गल्ल्यावर रांगेत उभं असताना उघडा, पावती हातात आली की परत बंद करा. काही ॲपांत राज्याबाहेरचे व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार वेगवेगळे बंद करता येतात. राज्याबाहेरचे बंद ठेवल्याने तर कुणाचंच सहसा काही अडत नाही. अडचण येते ती दुकानात नेट नसलं की: कार्ड उघडता येत नाही, मागे रांग वाढते आणि माणूस वैतागून लॉक वापरणंच सोडून देतो. दुकानात शिरण्याआधी, बाहेर नेट असताना कार्ड उघडून ठेवा.

पिन निवडताना १२३४, ००००, जन्मसाल, घराचा नंबर हे चार प्रकार टाळा. चोर फोनच्या स्वयंचलित सेवेवर असे पिन टाकून बघतात. कार्डाच्या कव्हरात पिनची चिठ्ठी ठेवणं म्हणजे कुलपालाच किल्ली बांधणं.

फोनवरून होणारी फसवणूक वेगळी. "तुमचं ईबीटी कार्ड बंद झालं आहे, या नंबरावर फोन करा" असा मेसेज येतो. फोन केला की हुबेहूब सरकारी वाटणारा आवाज कार्ड नंबर आणि पिन टाकायला सांगतो. सरकारी विभाग मेसेज पाठवून किंवा स्वतःहून फोन करून पिन मागत नाही, एवढं घरातल्या ज्येष्ठांना पुन्हा पुन्हा सांगा. फोन करायचाच तर कार्डाच्या मागे छापलेला नंबर बघून स्वतः लावा. शिल्लक बघायची साइटही सर्चमध्ये पहिली दिसली म्हणून उघडू नका, खोट्या साइटी तिथेच टपलेल्या असतात.

ज्येष्ठांचा विषय निघाला म्हणून: आजी किंवा आजोबांच्या वतीने कुणीतरी किराणा आणतं, आणि त्यासाठी पिन दोघा-तिघांना माहीत होतो. त्यापेक्षा काउंटीला कळवून त्या व्यक्तीला अधिकृत प्रतिनिधी नेमून घ्या. बऱ्याच राज्यांत प्रतिनिधीला स्वतःचं वेगळं कार्ड मिळतं. आपण स्वतः दिलेल्या पिनने कुणी पैसे खर्च केले, तर ती चोरी होती हे पटवणं फार कठीण जातं. "कार्ड इथेच ठेवा, हिशेब मी बघतो" म्हणणाऱ्या दुकानदारालाही हेच लागू. आणि कार्डावरच्या रकमेच्या बदल्यात कमी रोख देऊ करणाऱ्यापासून तर लांबच राहा. तो थेट गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी त्या माणसाची मदत वर्षभर बंद होऊ शकते.

त्याच कार्डावर रोख मदतही येत असेल तर तिच्यासाठी वेगळी वाट आहे. स्नॅपची रक्कम बँकेत वळवता येत नाही, पण रोख मदत बऱ्याच राज्यांत थेट बँक खात्यात जमा करून घेता येते. बँक खात्याला वर सांगितलेलं ५० डॉलरवालं संरक्षण आहे. काउंटीकडे एक फॉर्म भरण्याइतकंच हे काम, ते या आठवड्यातच उरकून टाका.

एवढं करूनही पैसे गेले तर क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी कार्डामागच्या नंबरावर फोन करून कार्ड चोरीला गेल्याची नोंद करा, कार्ड पाकिटात असलं तरी. नोंद झाल्यानंतर त्या कार्डावरून जे पैसे जातील त्यांची जबाबदारी राज्याची असते, तुमची नाही. म्हणून फोन लावला ती वेळ, बोललेल्या माणसाचं नाव आणि मिळालेला नंबर लगेच लिहून ठेवा. मग व्यवहारांची यादी काढा. तुम्ही न केलेल्या प्रत्येक खरेदीची तारीख, वेळ, दुकान आणि रक्कम उतरवून काउंटीला लेखी द्या, पोलिसांत तक्रार नोंदवा आणि स्नॅप ज्यांच्याकडे आहे त्या फेडरल कृषी खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयालाही कळवा. नकार आला तर तो लेखी मागा. स्नॅपच्या निर्णयाविरुद्ध ९० दिवसांत सुनावणी मागता येते. त्या दिवशीच्या जेवणाचं काय, यासाठी २११ या मदतीच्या नंबरावर फोन करा, जवळची फूड पँट्री (मोफत धान्य देणारं केंद्र) कुठे आहे ते सांगतात.

नवं कार्ड आलं की त्याला जुनाच पिन लावू नका. आणि उगाच वारंवार कार्ड बदलून मागू नका: १२ महिन्यांत चारहून जास्त वेळा मागितलं, तर कारण सांगेपर्यंत राज्य पुढचं कार्ड अडवून ठेवू शकतं. चोरीमुळेच बदलावं लागलं असेल तर ते लिहिलेला तक्रारीचा कागद तेव्हा उपयोगी पडतो.

मुलांच्या सन बक्सचं, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलांच्या जेवणासाठी मिळणाऱ्या मदतीचं कार्ड काही राज्यांत साध्या पाकिटातून टपालाने येतं आणि जाहिरातीचा कागद समजून कचऱ्यात जातं. त्यात उन्हाळ्यासाठी दर मुलामागे १२० डॉलर असतात, आणि जमा झाल्यापासून १२२ दिवसांत ते वापरले नाहीत तर परत जातात. मे-जूनमध्ये टपालपेटीतलं प्रत्येक पाकीट उघडून बघा.